फुकट टूल्सची यादी बाजूला ठेवा, आधी ऑर्डरचा रस्ता आखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कापडी पिशव्या शिवून विकायच्या आहेत, हाताशी भांडवल जवळपास नाही, आणि वेबसाइट, लोगो, सोशल मीडिया, हिशेब, बिलं, ईमेल या सगळ्यांसाठी मिळून वीस-बावीस फुकट ऑनलाइन टूल्सची यादी तुम्ही जमवली आहे. त्यातली कोणती घ्यायची आणि सुरुवात वेबसाइटपासून करायची की लोगोपासून?

दोन्हीपासून नको. यादीतलं प्रत्येक टूल आपल्या जागी चांगलं आहे. पण आज एखाद्या अनोळखी माणसाने 'मोठ्या दोन पिशव्या हव्यात' असा मेसेज टाकला, तर तो कुठे येणार, दर कसा सांगणार, ऑर्डर कुठे लिहिणार, पैसे आल्याचं कसं तपासणार आणि पिशवी पोचल्याची नोंद कुठे करणार? या पाच गोष्टींची उत्तरं तुमच्या यादीत नाहीत आणि नवखा धंदा नेमका इथेच अडखळतो. चौकशी इन्स्टाग्रामवर येते, पत्ता व्हॉट्सअॅपवर, मापं फोनवर सांगितलेली, आणि ऑर्डर वहीच्या मागच्या पानावर. टूल जितकी जास्त, तितक्या हरवायच्या जागा जास्त. म्हणून चौकशी, ऑर्डर, पैसे, पोच या चार टप्प्यांसाठी मिळून दोन-तीनच टूल्स घ्या. बाकीची यादी सहा महिने उघडूही नका.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या आधीच सांगतो. नोंदणी, कर आणि बिलावर काय छापावं लागतं हे प्रत्येक देशात वेगळं आहे, ते तुमच्याकडच्या हिशेबनीसाला विचारा. गिऱ्हाईक तुमच्याकडे येणार, तुम्ही त्याच्याकडे जाणार, की सगळं कुरिअरने जाणार, यावरही पुढची निवड बदलते. आणि तुमचं गिऱ्हाईक मुळात व्हॉट्सअॅप वापरत नसेल, तर ते जे वापरतं तेच तुमचं पहिलं टूल.

पहिलं काम खात्याचं. खासगी ईमेलवर धंदा उभारू नका, धंद्याच्या नावाने वेगळं गूगल खातं उघडा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा, लगेच चालू करा. बॅकअप कोड म्हणून गूगल आठ अंकी 10 कोड देतं, ते कागदावर लिहून फोनपासून लांब ठेवा, कारण ज्या दिवशी त्यांची गरज पडते त्या दिवशी बहुधा फोनच हरवलेला असतो. खातं भाच्याच्या किंवा ओळखीच्या डिझायनरच्या ईमेलवर काढून घेण्याचा मोह टाळा. माणूस चांगला असतो, पण तो पासवर्ड विसरतो आणि धंद्याचं दार बाहेरून बंद होतं.

या खात्यात 15 जीबी जागा फुकट मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह व फोटोज मिळून असते. इथे एक खाच आहे. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअॅपचा बॅकअपही आता याच 15 जीबीतून जातो. गिऱ्हाइकांनी पाठवलेले व्हिडिओ साठत जातात, जागा भरते आणि मग जीमेलमध्ये नवी मेल यायचीच बंद होते. ऑर्डर का थांबल्या म्हणून लोक जाहिरातीला दोष देत बसतात. व्हॉट्सअॅपच्या चॅट बॅकअपमध्ये 'व्हिडिओ समाविष्ट करा' हे बटण बंद ठेवलं की हा घोळ बराचसा टळतो.

आता ज्या टूलवर सगळ्यात जास्त वेळ घालवावा असं माझं मत आहे ते: साधी गूगल शीट, म्हणजे ओळी-रकान्यांची ऑनलाइन वही. हिशेबाची फुकट अॅप्स भरपूर आहेत, पण पहिल्या शंभरेक ऑर्डरींसाठी त्यांचा उपयोग कमी, कारण तुमचा धंदा नेमका कसा चालतो हे तुम्हालाच अजून माहीत नसतं. शीटमध्ये रकाना वाढवणं पाच सेकंदांचं काम आहे. एका ओळीत एक ऑर्डर, आणि रकाने असे: ऑर्डर क्रमांक, तारीख, नाव, फोन, वस्तू, नग, दर, एकूण, मिळालेले, बाकी, द्यायची तारीख, स्थिती, आणि शेवटी 'कुठून कळलं'. हा शेवटचा रकाना लोक गाळतात आणि खरं तर तोच सगळ्यात किमती. जाहिरात करायची की नाही, इन्स्टाग्रामवर रोज तास घालवायचा की नाही, याचा निर्णय दोन महिन्यांनी त्या रकान्यावरून होतो. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला एका ओळीत विचारा आणि उत्तर लिहून टाका.

शीटमध्ये कुठे फसायला होतं तेही पाहा. फोनचा रकाना आधीच प्लेन टेक्स्ट करून ठेवा (फॉरमॅट, नंबर, प्लेन टेक्स्ट). नाहीतर नंबराच्या सुरुवातीचं शून्य उडतं आणि देशाच्या कोडाआधीचं अधिक चिन्ह गणित समजलं जातं. ऑर्डर क्रमांक 12-3 असा दिला तर शीट त्याची तारीख करून मोकळी होते, म्हणून आधी अक्षर लावा: प-001, प-002. फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकॅल (कोणत्या देशाच्या पद्धतीने तारखा-आकडे वाचायचे ते) तपासा. ते चुकलेलं असलं की 3/4 म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च यावरून द्यायच्या तारखा उलट्यापालट्या होतात. 'स्थिती' हाताने लिहू नका, ड्रॉपडाउन (निवडायची तयार यादी) लावा: नवी, शिवणात, तयार, पाठवली, पोचली. हाताने लिहिलं की 'तयार', 'तय्यार' आणि 'रेडी' अशा तीन वेगळ्या स्थिती तयार होतात आणि फिल्टर लावल्यावर निम्म्या ऑर्डरी दिसत नाहीत.

शीट कुणाला दाखवायची असेल तर त्या माणसाच्या ईमेलवर शेअर करा. 'लिंक असलेला कुणीही बदल करू शकेल' हा पर्याय सोपा वाटतो, पण तुमच्या गिऱ्हाइकांची नावं, नंबर आणि पत्ते त्या शीटमध्ये आहेत आणि लिंक फिरायला वेळ लागत नाही. चुकून काही पुसलं गेलं तर घाबरू नका, फाइल मेनूत व्हर्जन हिस्टरी असते, तिथून जुनी प्रत परत आणता येते. तरीही महिन्यातून एकदा शीट एक्सेलच्या स्वरूपात उतरवून फोनवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा.

दुसरं टूल व्हॉट्सअॅप बिझनेस. हे अॅप 2018 च्या जानेवारीत आलं आणि छोट्या धंद्यासाठी अजूनही फुकट आहे. एकच नंबर साध्या व्हॉट्सअॅपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही, म्हणून शक्य असेल तर वेगळं सिम घ्या. खासगी नंबरच धंद्याचा केलात, तर रात्री अकरालाही गिऱ्हाइकांचे फोन येत राहतात. सहा अंकी टू-स्टेप पिन लावा. 'माझा कोड चुकून तुमच्याकडे आलाय, पाठवता का' असा मेसेज कुणाकडूनही, अगदी ओळखीच्या नंबरावरून आला तरी कोड देऊ नका. नंबर पळवायची ही नेहमीची पद्धत आहे.

अॅपमधल्या चार गोष्टी कामाच्या. कॅटलॉगमध्ये 500 पर्यंत वस्तू बसतात, पण तुम्ही पाच-सहाच टाका, प्रत्येकीचं माप आणि दर लिहून. 'दरासाठी मेसेज करा' असं लिहिलेली वस्तू बरेच जण पाहून पुढे जातात. चॅटवर लावायची लेबलं पाच तयार मिळतात (नवं गिऱ्हाईक, नवी ऑर्डर, पैसे बाकी वगैरे), सुरुवातीला तेवढी पुरतात. अवे मेसेज, म्हणजे तुम्ही नसतानाचं ठरलेलं उत्तर, कामाच्या वेळेबाहेर आपोआप जातो, मात्र तुमच्या फोनला इंटरनेट असेल तरच. फोन बंद करून झोपलात तर तो जात नाही. आणि चौथी गोष्ट क्विक रिप्लाय. तिरकी रेघ टाइप केली की आधी लिहून ठेवलेली उत्तरं समोर येतात. 50 पर्यंत ठेवता येतात, लागतात पाच: दर, मापं, ऑर्डर कशी द्यायची, पैसे कसे भरायचे, किती दिवस लागतील. उदाहरणार्थ ऑर्डरचं उत्तर असं ठेवता येईल:

'धन्यवाद. ऑर्डर पक्की करण्यासाठी एवढं पाठवा: 1) पिशवीचा प्रकार आणि रंग 2) नग 3) कोणत्या तारखेपर्यंत हवी 4) पूर्ण पत्ता आणि फोन. हे मिळालं की एकूण रक्कम कळवतो. निम्मी रक्कम आल्यावर शिवायला घेतो.'

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. घरून चालणाऱ्या कामात आगाऊ रक्कम घेतली नाही तर कापड कापल्यावर ऑर्डर रद्द झाल्याचा मेसेज येतो. मऊ शब्दांत, पण आधीच लिहून ठेवा. दर वेळी नव्याने सांगायला संकोच वाटतो, तयार उत्तर पाठवायला वाटत नाही.

ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) 256 जण घेता येतात, पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. त्यामुळे पहिल्या ऑर्डरीच्या पावतीसोबतच 'आमचा नंबर सेव्ह करून ठेवा' असं लिहा. बाहेरून विकत घेतलेल्या नंबरांच्या यादीवर मेसेज टाकणं किंवा कुणीतरी बदललेलं व्हॉट्सअॅप वापरून शेकड्यांनी मेसेज सोडणं, हे सरळ नंबर बंद पडण्याकडे नेतं. लोक तुम्हाला ब्लॉक आणि रिपोर्ट करतात, नंबरासोबत चॅटही जातात. शीट वेगळी ठेवायला सांगतो त्याचं हेही एक कारण.

तेव्हा दोन्हींचा मेळ असा: बोलणं व्हॉट्सअॅपवर, नोंद शीटवर, आणि ऑर्डर पक्की झाली की ती ओळ लगेच. 'रात्री सगळ्या एकदम लिहीन' म्हटलं की एखादी राहतेच.

गूगल फॉर्म, म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतः भरायचा ऑनलाइन अर्ज, कधी? एकाच दिवसात इतक्या ऑर्डरी येऊ लागल्या की हाताने लिहिताना चुका होतात, तेव्हा. त्याआधी फॉर्म पुढे केला तर गिऱ्हाईक गळतं, कारण त्याला दोन वाक्यांत काम उरकायचं असतं. फॉर्ममध्ये 'एकाच प्रतिसादापुरता' हा पर्याय किंवा फाइल अपलोडचा प्रश्न ठेवला की समोरच्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं आणि तिथे लोक सोडून देतात. नमुन्याचा फोटो हवा असेल तर तो व्हॉट्सअॅपवरच मागा. फॉर्म शीटला जोडल्यावर आणखी एक गंमत होते: प्रत्येक प्रतिसाद नवी ओळ घालून बसतो, त्यामुळे तुम्ही आधीच खाली ओढून ठेवलेली सूत्रं त्या ओळीत नसतात. त्यावर उपाय म्हणजे अॅरेफॉर्म्युला, म्हणजे एकदाच लिहून सगळ्या रकान्याला लागू होणारं सूत्र. आणि प्रतिसाद दुसऱ्या टॅबवर क्वेरी किंवा फिल्टर या सूत्रांनी आणून त्याच्या शेजारी हाताने 'पैसे आले' लिहिण्याची चूक करू नका. यादीचा क्रम बदलला की तुमचे शेरे जागच्या जागी राहतात आणि एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर दिसतात. शेरा मूळ प्रतिसादाच्या ओळीतच, उजवीकडच्या रकान्यात लिहा.

गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे नकाशावर आणि शोधात दिसणारी तुमची पाटी, फुकट आहे आणि स्थानिक धंद्याला वेबसाइटपेक्षा जास्त उपयोगी पडते. पण गिऱ्हाइकाशी प्रत्यक्ष संबंध येणारा धंदाच तिथे चालतो. लोक पिशव्या न्यायला येणार असतील किंवा तुम्ही स्वतः नेऊन देणार असाल तर नोंदवा. सगळा माल कुरिअरनेच जाणार असेल तर तुम्ही पात्र नाही, त्यात वेळ घालवू नका. घरून काम करत असाल तर पत्ता लपवून सेवेचा परिसर दाखवता येतो, जास्तीत जास्त 20 भाग. पडताळणीसाठी अनेकदा व्हिडिओ मागतात. तो सलग, न कापलेला आणि किमान 30 सेकंदांचा लागतो, त्यात बाहेरचा परिसर, कामाची साधनं आणि जागा तुमच्याच ताब्यात आहे हे दिसावं: रस्त्यापासून सुरू करा, कुलूप स्वतः उघडा, मशीन आणि तयार माल दाखवा. नावात 'स्वस्त, उत्तम, टिकाऊ पिशव्या' असली भर घातली तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. जे नाव पाटीवर आणि पावतीवर, तेच इथे. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देणंही नियमात बसत नाही. माल पोचल्यावर अभिप्रायाची लिंक पाठवा आणि तेवढ्यावर थांबा.

लोगो. कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइन टूलच्या फुकट खात्यात काम भागतं. मात्र तिथल्या तयार टेम्प्लेटचा लोगो उचललात तर तो तुमच्या एकट्याचा होत नाही, तेच चित्र कुणीही वापरू शकतं आणि त्याचा ट्रेडमार्क घेता येत नाही. म्हणून सुरुवातीला नुसतं नाव चांगल्या अक्षरात लिहा. मुक्ता, हिंद, बालू हे देवनागरी फाँट गूगल फाँट्सवर मोकळ्या परवान्यात आहेत, व्यवसायाला चालतात. बिनपार्श्वभूमीची फाइल फुकट खात्यात उतरवता येत नाही, त्यामुळे पांढऱ्यावर गडद अक्षरं हे सोपं. लोगोवर एक संध्याकाळ पुरे.

त्यापेक्षा फोटोंवर मेहनत घ्या. दिवसा खिडकीशेजारी टेबल, उजेड एका बाजूने, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा म्हणजे सावली मऊ होते. खोलीतला दिवा बंद ठेवा, दोन उजेड मिसळले की कापडाचा रंग खोटा दिसतो आणि 'फोटोत वेगळा होता' म्हणून पिशवी परत येते. स्क्रीनवर पिशवीवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड पक्का होतो. प्रत्येक पिशवीचे चार फोटो पुरेत: पूर्ण, आतली शिलाई, बंदाचा जोड, आणि खांद्याला लावलेली, म्हणजे आकार कळतो. दुसऱ्यांचे फोटो लावू नका, फुकट फोटोंच्या साइटवरचेही नकोत. गिऱ्हाईक ती पिशवी मागेल आणि ती तुमच्याकडे नसेल.

वेबसाइटबद्दल माझं मत ठाम आहे: पहिल्या काही महिन्यांत गरज नाही, आणि केलीत तर पत्ता फुकटचा नको. गूगल बिझनेस प्रोफाइलसोबत मिळणाऱ्या फुकट वेबसाइट मार्च 2024 मध्ये बंद झाल्या. डॉट टीके वगैरे फुकट डोमेन (वेबसाइटचे पत्ते) वाटणाऱ्या फ्रीनॉम कंपनीने 2023 मध्ये नव्या नोंदण्या थांबवल्या. पान पुन्हा बनवता येतं, पण पावत्यांवर आणि पिशव्यांच्या लेबलांवर छापलेला पत्ता बदलता येत नाही. म्हणून पैसे खर्च करायची पहिली जागा स्वतःचं डोमेन, तुमच्याच नावावर आणि तुमच्याच ईमेलवर. ते गूगल साइट्स या गूगलच्या वेबसाइट बनवायच्या टूलमधल्या फुकट पानाला जोडता येतं.

क्यूआर कोडचंही तसंच. बऱ्याच 'फुकट' क्यूआर साइट तुमची लिंक आधी स्वतःच्या सर्व्हरवरून फिरवतात आणि चाचणीची मुदत संपली की कोड मरतो. क्रोममधल्या शेअर मेनूतून काढलेला कोड थेट तुमच्या पानाचा असतो, त्याला मुदत नसते. छापताना निदान 2 सेंटिमीटरचा ठेवा, चारही बाजूंना पांढरी मोकळी कड सोडा, आणि हजार लेबलं छापण्याआधी एक छापून दोन वेगळ्या फोनांनी तपासा.

पैसे घेण्याची सोय फुकट क्वचितच असते. शेकडा किती, त्यावर प्रत्येक व्यवहाराला ठरावीक आकार किती, आणि रक्कम खात्यात किती दिवसांनी येते, हे तीन आकडे विचारा. समजा शेकडा 3 आणि वर 3 ठरावीक असेल, तर 1000 च्या ऑर्डरीवर 33 जातात, म्हणजे 3.3 टक्के. 50 च्या पिशवीवर मात्र साडेचार, म्हणजे 9 टक्के. एकेक पिशवी विकण्याऐवजी तीनचा संच ठेवला की हा भार उतरतो. आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नका. स्वतःच्या खात्यात रक्कम दिसली की मगच शीटमध्ये 'मिळालेले' भरा.

वर्णनं, कॅप्शन, नावांच्या कल्पना यासाठी चॅटजीपीटी किंवा जेमिनी जरूर वापरा. गिऱ्हाइकांची नावं-पत्ते त्यात टाकू नका, आणि मापं व कापडाचा प्रकार स्वतः तपासा, कारण पिशवी न पाहताच ते 'वॉटरप्रूफ' लिहून देतात.

तुम्ही शेवटी विचारलंय की पैसे भरून टूल्स कधी घ्यायची. फुकटची मर्यादा आठवड्यातून दोनदा आडवी येऊ लागली आणि तिच्यामुळे ऑर्डर चुकली किंवा उशिरा गेली, की घ्या. त्याआधी नाही. घेण्यापूर्वी त्या सेवेतून आपला डेटा एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये (कुठल्याही शीटमध्ये उघडणारी साधी फाइल) बाहेर काढता येतो का, हे चाचणीच्या काळातच स्वतः काढून बघा. मदतीच्या पानावर 'येतो' असं लिहिलेलं असतं, पण उतरवलेल्या फाइलमध्ये कधी फोन नंबर नसतात, कधी जुन्या ऑर्डरी. तसं दिसलं तर ते टूल कितीही देखणं असो, शीटवरच राहा.